डाग

बावीस फूट रुंद, नऊ फूट उंच.
फाइल उघडायलाच सव्वाअकरा मिनिटं लागली,
तेवढ्यात मी खाली जाऊन चहा पिऊन आलो.
सातपूरच्या आमच्या गल्लीत पॉवर प्रेस धडधडत होते,
आणि कूलंटचा तो वास,
एकदा शर्टाला लागला की रविवारपर्यंत जात नाही.

परत आलो तर पडद्यावर एकलहरे.
म्हणजे वीजकेंद्राच्या मागचा राखेचा तलाव,
उंच कुठेतरी तीन पायांवर लाकडी कॅमेरा उभा करून
दाबके बाईंनी सात दिवस वाट पाहून घेतलेला.
इतका करडा रंग मी कधी छापला नव्हता.
लग्नाच्या फ्लेक्सवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर
करडा लागतोच कुठे?
कडेला तीन चिमण्या, बोटाएवढ्या.
बाकी सगळी राख, ओली, वाळलेली, भेगाळलेली,
आणि मध्ये पाण्याची एक थंड पाटी.

बाई सांगून गेल्या होत्या,
निगेटिव्हवर धूळ बसलीय,
पांढरे डाग दिसतील, तेवढे काढ.
राख स्वच्छ दिसली पाहिजे.

राख स्वच्छ.
मी हसलो नाही. गिऱ्हाईक आहे.

काम सोपं असतं.
डागावर जायचं, क्लिक करायचं,
यंत्र शेजारची राख उचलतं
आणि डागावर पसरतं.
खाली काही होतं असं वाटतसुद्धा नाही.
जेवायच्या सुट्टीपर्यंत मी एकसष्ट काढले.

बासष्टाव्या डागाला सावली होती.

धुळीला सावली नसते.
चारशे टक्के मोठं केलं, मग आठशे.
गुडघाभर पाण्यात एक बाई.
लुगड्याचा काचा, डोक्याला फडकं,
हातात साडीच्या तुकड्याची झोळी,
पाण्यावर तरंगणारा राखेचा हलका फेस
ती दुधावरच्या सायीसारखा ओढून घेत होती.
पोत्यावर भाव मिळतो म्हणे त्याला.
केसांपासून कोपरापर्यंत राख बसलेली,
म्हणून पांढरी. म्हणून डाग.

मी लॅमिनेशनवाल्या अरिंगळेला हाक मारली.
तो तिकडचाच, सामनगावचा.
डबा हातात घेऊनच वाकला, चपातीचा तुकडा गालात,
म्हणाला, ही मथुरा असेल.
डावा हात कमरेवर ठेवते ती.
दुखते म्हणून नाही, सवय.
मग म्हणाला, एकटी कशी?
एकटं कोणी उतरत नाही तिथे,
पायाखाली कधी काय असेल सांगता येत नाही.

मी काही बोललो नाही.
एकेक पाऊल मागे घेत गेलो.
एक क्लिक, एक डाग परत.
मोठं करून बघायचं.
धूळ.
धूळ.
पाठ वाकलेला म्हातारा.
धूळ.
पोतं ओढणाऱ्या दोघी, दोरी एकच.
कुत्रं, कोरड्या ढेकळावर, झोपलेलं.
एक बादली, सरळ उभी,
म्हणजे कोणीतरी नीट ठेवलेली.
अरिंगळेचा डबा तसाच उघडा राहिला.
अडतीस धूळ, एकोणीस माणसं,
एक कुत्रं, एक बादली.
दोन डागांचं काही कळेना,
किती मोठं केलं तरी नुसते चौकोन.

रात्री मशीन लावलं.
आधी आभाळ येतं, पट्टी पट्टीने,
शाईचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.
दीड वाजता चिमण्या आल्या.
माणसं आली तेव्हा पावणेचार झाले होते,
ज्वारीच्या दाण्याएवढी,
ओल्या शाईत, हात लावायची सोय नाही.

सकाळी दाबके बाई भिंग घेऊन चालत गेल्या,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, खूप हळू.
मथुरेपाशी थांबल्या.
मला ही दिसलीच नव्हती, म्हणाल्या,
सात दिवस मी उजेडाकडे बघत होते.
मग पुढे सरकल्या.
हे दोन डाग राहिलेत.

म्हटलं, राहू द्या.
त्यांचं अजून काही ठरलेलं नाही.

बिलात आधी एकसष्ट डाग लिहिले होते,
डागाला तीन रुपये.
ते खोडून अडतीस केले.